याडीचा नवस अन् पितळी गॉगल

मला समदे थावरा मिस्त्री म्हणतेत. वारंगा फाट्यावर कुणालाबी इचारा, नांदेडच्या अंगाला वळलं का टिनाचं शेड दिसतं, तेच माझं गॅस वेल्डिंगचं दुकान. पन आमी मूळचे मिस्त्री न्हाई बरं का, आमी लमाण. माझ्या पणज्याच्या काळात आमच्याकडं बैलांचे कळप व्हते, त्यांच्यावर मीठ लादायचं, धान्य लादायचं अन् चालत राहायचं, आज हितं तं उद्या तिथं, असं माझा बा सांगायचा, अन् त्यालाबी त्याच्या बानं सांगितलेलं, कारण खुद्द त्यानं बैलं पाह्यली ती नांगराचीच. मोटारी आल्या, रेल्वे आली, ते समदं बसलं, मंग आमचे लोक माळावर जिथं पानी दिसलं तिथं टेकले, झाला तांडा. आमचा तांडा फाट्यापासून एक बिडी वढून होईस्तवर येतो. बैलाच्या पाठीवरून उतरलो अन् ट्रकच्या स्प्रिंगपाट्यात अडकलो, असं मी गमतीनं म्हणत असतो.

लगीन व्हायच्या आधी मी फाट्यावर एका उस्तादाकडं कामाला लागलो. उस्ताद तोंडानं लई खराब पन हातानं सोनं. त्यानं पैल्याच दिवशी सांगितलं, थावरा, हात जळला तं चमडी परत येती, डोळा गेला तं कुणाचा बाप आणून देत न्हाई, गॉगल लावल्याबिगर गॅसची नळी पेटवायची न्हाई. तवापासून वेल्डिंगचा काळा गॉगल माझ्या डोक्यावर चढला तो चढलाच. तांड्यातले लोक म्हणायचे, आला बगा हिरो. मी बी शिव्या देऊन मोकळा. माझा सोभाव तापटच हाय, काय करता, जन्मच आगीपाशी गेला.

तं मला पोरगी झाली. ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. काय सांगू तुमाला, लेकरू पांढरं फेक, केस मक्याच्या कणसावर असतेत तसे, भुवया बी पांढऱ्या. बाया जमल्या अन् कुजबुज सुरू. कुणी म्हणलं देवीचा कोप, कुणी म्हणलं मेमसाब जन्मली. माझी बायको शांता भिंतीकडं तोंड करून रडू लागली. तवा माझी आई उठली, आमच्यात आईला याडी म्हणतेत, अन् माझ्या आईला तं समदा तांडाच याडी म्हणायचा, तर ती उठली अन् तिनं बायांना दाराभाईर काढलं. म्हणली, चांद उतरलाय माझ्या घरात, नाव चंदा ठेवा, ज्याला बघायचंय त्यानं बघा न्हाई तं तोंड घेऊन घरी जा. नंतर नांदेडला डॉक्टरला दाखवलं. मोठा भला माणूस. त्यानं समजावून सांगितलं का हिच्या अंगात रंगच धरत न्हाई, कुणाची चूक न्हाई, पन उन्हाला जपा, डोळ्याला उन्हाची तकलीफ जन्मभर राहील.

आता आमच्या बायांचा कपडा तुमी पाह्यला असंल. घागरा, कांचळी, त्यावर आरसेच आरसे. याडी नातीला मांडीवर घेऊन उन्हात बसली का त्या आरशांचे कवडसे थेट लेकराच्या डोळ्यात जायचे अन् लेकरू किंचाळायचं. याडीला वाटायचं मी नकोशी झाले का काय हिला. ज्या दिशी ध्यानात आलं त्या दिशीपासून ती भर उन्हाळ्यात अंगावर कांबळं घेऊन बसायची. घामानं न्हाऊन निघायची, पन नातीला मांडीवरून उतरवायची न्हाई. असली बाई व्हती ती.

चंदा चालू लागली, बोलू लागली, अन् तिचा जलम घरातच. तांडा म्हंजी सारा उघडा माळ, सकाळ झाली का ल्हान-मोठं समदं भाईर, अन् ही दार लावून आत. दिवेलागणीला ही भाईर यायची, तवा बाकीची पोरं घरात जायची. सगळ्यात वंगाळ होळी. आमची होळी म्हंजी लेंगी. लेंगी म्हंजी आमच्या बोलीतली होळीची गाणी, अन् बाया फेर धरून नाचतेत, दिवसाढवळ्या, डोक्यावर फाल्गुनाचं ऊन. याडी पुढं गाणारी, बाकीच्या मागं. चंदाला समद्या लेंग्या पाठ. भाईर फेर चालायचा अन् ही आत अंधारात एकटी गायची. एका होळीला तिनं इचारलं, याडी, मी तुझा हात धरून फेरात कवा येऊ? याडी उठली अन् लिंबाखाली आमची देवी हाय, सेंदूर लावलेला दगडाचा तांदळा, तिथं जाऊन नवस बोलून आली. माझी नात उन्हात डोळे उघडून उभी राह्यली तं तुला डोळे वाहीन.

हे आमच्याकडं असतंय. डोळे आले, डोळ्याला इजा झाली अन् बरं वाटलं, का देवीला चांदीचे डोळे वाहतेत. सोनाराकडं तयार मिळतेत, बोराएवढे, पत्र्याचे. बोलून गेली बाई, पन बरं कोण करणार? मी पैल्यांदा माझा वेल्डिंगचा काळा गॉगल तिला लावून पाह्यला. उन्हात डोळे उघडले तिनं, मी खूश, अन् ती घरात आली तशी उंबऱ्यावर आपटली. काळ्या काचेतून घरातलं कायच दिसंना. उन्हात लाव, सावलीत काढ, काढल्यावर पुन्यांदा डोळ्यात ऊन, असं किती करायचं लेकरानं. भिरकावून दिला तिनं.

मंग आला रशीदभाई. रशीदभाई कळमनुरीचा फोटोवाला, लग्नाचे फोटो काढायचा. त्याच्या कॅमेऱ्याच्या तीन पायाच्या घोडीचा पाय मोडला म्हून माझ्याकडं जोडायला आला. तवर माझं सोताचं दुकान झालं व्हतं. पाय जोडून दिला अन् सहज म्हणलं, भाई, ह्या काचेच्या आत काय असतं, दाखव की. त्यानं भिंग काढून उजेडाकडं धरलं अन् भोवतीचं कडं फिरवलं. आतल्या बारीक बारीक पाकळ्या मिटत आल्या अन् मधी ल्हानसं भोक राह्यलं. उलटं फिरवलं, पाकळ्या गायब, समदं मोकळं. रशीदभाई म्हणला, धूप में बंद, साये में खुला, बस इतनाच है. इतनाच है! माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणलं भाई, पुन्यांदा फिरव. पुन्यांदा फिरव. तो शेवटी वैतागला, म्हणला थावराभाई, मेरे को बारात में जाना है.

त्या दिवाळीपासून मी लागलो. भंगारवाल्याकडून ट्रकचे जुने पितळी भोंगे आणले, एकसारखे दोन. भोंग्याचं पितळ लई चांगलं, पातळ अन् चिवट. तोंडाकडून कापलं तं ताटलीएवढं, मागून कापलं तं अंगठीएवढं, मधी कुठंतरी डोळ्याच्या मापाचं कडं सापडतं. पाकळ्या गोड्या तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या. एकेक पाकळी कोयरीवानी वाकडी, तिच्या दोन टोकांना दोन बारीक खिळे. एक खिळा बसल्या जागी फिरतो, दुसरा वरच्या कड्याच्या खाचेत सरकतो. कडं बोटानं फिरवलं का समद्या पाकळ्या बराबर एकदम आत, भोक बाजरीच्या दाण्याएवढं. तोंडानं सांगायला किती सोपं हाय बगा! गॅसची नळी लावली तं पाकळी वितळून जायची. मोठा खिळा बसवला तं कडं अडायचं, बारीक बसवला तं पाकळ्या खुळखुळायच्या. शेवटी गॅस ठेवला बाजूला अन् जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून तिचे खिळे केले, हातोडीनं ठोकून ठोकून. गिऱ्हाईक भाईर बोंबलायचं, मिस्त्री, ट्रॉलीचा हूक कवा जोडतो, मी म्हणायचो दुसरीकडं जा. शांता म्हणायची, ह्यानं येड लावून घेतलं.

पाकळ्या तयार झाल्या तं आतून चमकायच्या, चमकलं का डोळ्याला पुन्यांदा तीच तकलीफ. शांतानं काजळ लावून दिलं. चंदानं घालून काढला तं डोळ्याभोवती काळी कडी, आमी समदे हसून हसून बेजार. मंग पाकळ्या तेलात बुडवून आगीवर तापवल्या, तसं काळं पक्कं बसलं. कड्यांच्या कडंला मऊ चामडं, दोन्हीच्या मधी नाकावर चामड्याचीच पट्टी, मागं बांधायला सायकलची टूब. दिसायला कसा व्हता म्हणता? इमानाच्या पायलटावानी. आता शहरातली पोरं तसले गॉगल हौसेनं घालतेत म्हणे. आमची हौस न्हाई, गरज व्हती.

होळीच्या आधी आठवडाभर तो गॉगल पुरा झाला. दुपारी, बराबर ऊन डोक्यावर असताना, चंदाला अंगभर ओढणी गुंडाळली, गॉगल बांधला अन् दार उघडलं. दारात याडी, शांता, मी. पोरीनं दोन्ही हातानं कडी फिरवली, बारीक केली, पाय भाईर ठेवला. उभी राह्यली. मान खाली घालून कायतरी बघून राहिली. मी म्हणलं काय दिसतं गं? ती म्हणली बा, माझ्या पायाला हे काय काळं चिकटलंय? मी म्हणलं येडे, सावली हाय ती तुझी. तिनं पाय हलवला, हात हलवला. म्हणली, रातच्या दिव्यापुढं तं माझी सावली भिंतभर असती, उन्हात एवढीशी काहून? मी शेडमंदी जाऊन बसलो अन् रडलो. खरं सांगतो, तसा आनंद मला पुन्यांदा झाला न्हाई.

अन् दुसऱ्या दिवशी काय झालं ऐका. संध्याकाळी घरी आलो तं चंदा गोधडीत तोंड घालून पडलेली, शांता चुलीपाशी पाठ फिरवून बसलेली. म्हणलं गॉगल कुठंय? याडी शांतपणी म्हणली, वाहिला. कुणाला? देवीला, नवस व्हता ना. मी पळत लिंबाखाली गेलो. तांदळ्याला सायकलची टूब बांधलेली, माझा गॉगल देवीच्या डोळ्यावर, सेंदरानं लाल झालेला, पुढं नारळ फोडलेला. मी घरी येऊन जे बोललो ते तुमी लिहू नका. म्हणलं, अगं चांदीचे डोळे वाहायचे असतेत, सोनाराकडून आणून! याडी म्हणली, चांदीच्या डोळ्यानं दिसलं का तिला? ज्यानं दिसलं ते वाहायचं, का दुसरंच कायतरी देऊन देवीला फसवायचं? तांड्याच्या नायकाकडं, म्हंजी आमच्या मुखियाकडं गेलो, तो म्हणला, देवीचं ते देवीचं, तू मिस्त्री हायस, दुसरा कर. दुसरा कर म्हणे! अख्खा हिवाळा गेला व्हता एका गॉगलला, अन् होळी आली व्हती दारात.

मी याडीशी बोलणं टाकलं. होळी आली. डफ वाजला, बायांनी फेर धरला, याडीनं लेंगी उचलली. अन् आतून चंदाचा आवाज. रोजच्यासारखा न्हाई, मोठ्यानं, याडीच्याबी पुढं एक ओळ. भाईरच्या बाया तिच्या मागं गाऊ लागल्या. याडीनं लेंगी मधीच सोडली. तिनं दोन्हीकडचे हात सोडले अन् फेरातून निघाली, ताडताड लिंबाकडं. समद्या बाया मागं, त्यांच्या मागं मी.

हात जोडले न्हाई तिनं. कंबरेवर हात ठेवून उभी राह्यली अन् मोठ्यानं बोलली, हे बघ माय, दिलेलं परत घेऊन राहिले, चूक माझी हाय. पन फुकट न्हाई घेत. ह्याच्या बदल्यात माझे दोन डोळे घे. आत्ताच नको, मला अजून लेंगी म्हणायचीय, शेतात जायचंय. म्हातारी झाले का घेजो, तुझ्या सवडीनं. असं म्हणली अन् गॉगल सोडून, ओढणीनं सेंदूर पुसत पुसत घरी गेली. बाया हसल्या, मी बी हसलो. आमाला वाटलं याडीची गंमत.

चंदा फेरात आली. चारी बाजूनं कांचळ्यांचे आरसे चमकून राहिलेले अन् ही कडी बारीक करून मधी. बाजूचं कायच दिसायचं न्हाई तिला, कोंबडीवानी मान वळवून वळवून बघायची अन् समद्यांच्या पायावर पाय द्यायची, पन कुणी चकार शब्द काढला न्हाई. पाकळ्यात गुलाल गेला, एक पाकळी अडकली, तरी पोरगी नाचून राहिली. याडीनं तिचा हात सोडला न्हाई. ती होळी गेली ती गेली, तशी पुन्यांदा आली न्हाई.

मंग ती शाळेत जाऊ लागली. ट्रकवाले थांबून बघायचे, म्हणायचे मिस्त्री, इलायती माल दिसतो, मी म्हणायचो व्हय, वारंगा फाट्याच्या इलायतीतला. पोरगी वाढली तसं नाकावरची पट्टी सैल केली, झिजल्या पाकळ्या बदलल्या. बारावी झाली ती. मोबाईल अजून फाट्यावर आले नव्हते, तवा तिनं एसटीडीचं दुकान चालवलं, लोक लांबून तिला बघायला म्हून फोन करायला यायचे, अन् ती बी हुशार, बघायचं तं फोन करा म्हणायची.

अन् याडीच्या डोळ्यावर पडदा आला. मोतीबिंदू, दुसरं काय, माणूस म्हातारा झाला का येतो. म्या म्हणलं, चल नांदेडला, एका दिवसाचं काम हाय. याडी म्हणली, न्हाई. काहून न्हाई? तर म्हणली, आली माय घ्यायला, मीच तं बोलले व्हते. मला आधी समजलंच न्हाई ती काय बोलून राहिली. मंग लिंबाखालचं तिचं बोलणं आठवलं, आमी गंमत म्हून हसलो व्हतो ते. किती समजावलं, शांतानं समजावलं, तोच नायक, म्हातारा झालेला, काठी टेकत आला अन् समजावून गेला. याडी हसायची. म्हणायची, माझ्या शब्दावर नात नाचली, आता शब्द मोडू का? चुलीवर हात भाजला, तरी तेच. एक डोळा पुरा गेला, दुसऱ्यानं नुसतं भुरकट. मला लई राग आला, याडीचा, देवीचा, माझा सोताचा. माझ्याच हातानं केलेली चीज अन् तिच्यापायी माझी आई आंधळी होऊन राहिली. मी लिंबाखाली जायचं सोडलं. होळीलाबी गेलो न्हाई.

चंदा कुणाशी भांडली न्हाई. एका दुपारी दुकान बंद करून आली, गॉगल घालून लिंबाखाली गेली अन् तिथं काढून देवीला बांधला. तिथून घरापर्यंत भर उन्हात डोळे मिटून आली, हातानं कुंपण चाचपत. बाभळीच्या काट्यात पडली, गुडघा फुटला, गालावर ओरखडा. तशीच याडीपुढं येऊन उभी राह्यली. म्हणली, याडी, देवीचं देवीला दिलं, आता तुझे डोळे तुझे, सौदा मोडला. याडीनं हात लांब करून तिचं तोंड चाचपलं. गॉगल न्हाई. बोट त्या ओरखड्यावर आलं. म्हणली, येडी झालीस का गं, आता कशी चालशील? चंदा म्हणली, बा मला नवा करून देईल, तुझे डोळे काय बा वेल्डिंग करून देणार हाय का?

याडीनं तिचा फुटलेला गुडघा चाचपला. मंग माझ्या दिशेनं तोंड केलं अन् म्हणली, थावऱ्या, नांदेडची गाडी कवाची हाय?

शांता तिला घेऊन गेली अन् मी हितं भोंगे कापायला बसलो. आता मलाच जवळचं बारीक दिसत न्हाई, चष्मा लावून पाकळ्या ठोकल्या. तवर चंदा पुन्यांदा घरात, दार लावून. बारा गावच्या लोकांना फोन लावून देणारी पोरगी अंधारात बसली, पन तोंडातून कुरकुर न्हाई. याडी दवाखान्यातून आली ती डोळ्यावर काळा गॉगल लावून, ऑपरेशनवाल्यांना देतेत तो. उतरल्या उतरल्या म्हणली, माझी नात कुठंय. चंदा नवा गॉगल घालून दारात उभी. याडीनं आपला काळा गॉगल जरासा वर केला, तिला खालून वर पाह्यलं, गालावरनं हात फिरवला, अन् मला म्हणली, थावऱ्या, डावं कडं वाकडं बसलंय. जल्मात पैल्यांदा तिनं माझ्या कामाला नाव ठेवलं अन् मला काय गोड वाटलं सांगू! बराबरच व्हतं तिचं. वाकडंच व्हतं.

याडी जाऊन आता लई दिवस झाले. जाईस्तवर लेंगी म्हणली, मानसं वळखली. चंदा पुसेगावकडं दिली, जावई चांगला हाय, तिचं लेकरू काळंभोर डोळ्याचं. गॉगल तिचा तिलाच सांभाळता येतो आता, पाकळी बी बदलती.

पैला गॉगल देवीलाच हाय. मी वर्ष दोन वर्षं तिकडं फिरकलो न्हाई, राग पुरा गेला नव्हता. तवर बायांनी काय चालू केलं बगा, सांगितलं कुणी न्हाई त्यांना. सकाळी जी बाई आधी शेताला निघंल ती देवीची कडी फिरवून बारीक करती, दिवसभर देवीला ऊन लागंल म्हून. अन् संध्याकाळी जी शेवटाला येईल ती मोकळी करती. पाकळ्या झिजतेत ना तिच्यामायला. दुरुस्त कोण करतं? मीच. बायांना म्हणतो, अगं तांदळा हाय तो, त्याला ऊन काय करणार, तं माझ्यावरच तुटून पडतेत.

परवा दुकान बंद करून येत व्हतो. बाया घरी गेलेल्या, अंधारून आलेलं, अन् पाह्यलं तं कडी बारीकच राह्यलेली, कुणीतरी इसरलं. इकडं तिकडं बघितलं, कुणी नव्हतं. चपला काढल्या अन् दोन्ही कडी मोकळी केली. म्हणलं, बघ माय, ऊन उतरलं, आता सावकाश बघ समद्या लेकरांकडं.